मैत्रिणीकडून औषधविवेक



मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या वाडींतील मुलगी परिचर्येच्या शिक्षणासाठीं वसतिगृहांत राहावयास गेली, कीं पहिल्याच सुटींत ती घरीं येते ती अर्धी डॉक्टरीण होऊन. तिनें स्वतः तसा दावा केलेला नसतो. वाडीच तिला ती पदवी देऊन टाकते. चतुर्थीला गांवीं आलेली ही मुलगी ओटीवर टेकते न टेकते तोंच शेजारची म्हातारी काठी टेकीत येते आणि म्हणते, “गो चेडवा, तू नर्सिंगाक आसस मां? मगे माझ्या गुडघ्यार एक गोळी सांग बगया.” पाठोपाठ रापणीवरून परतलेला चुलता पाठदुखीची गोष्ट काढतो, कोणी वहिनी तापलेल्या पोराला कडेवर घेऊन येते. शहरांतल्या माणसाला यांत विनोद वाटेल. परंतु ज्या वाडीपासून आरोग्यकेंद्र दूर आहे, खाडी ओलांडून अगर घाटी उतरून जेथें जावें लागतें, तेथें घरांतलें शिकलेलें माणूस हाच पहिला वैद्य असतो.

मुलीला कांहीं तरी उत्तर द्यावेंच लागतें. तें ती कोठून आणते? भारतीय परिचर्या परिषदेनें २०२१ सालीं बी. एस्‌सी. परिचर्येचा जो सुधारलेला अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यांत औषधशास्त्र हा विषय तिसऱ्या आणि चौथ्या सत्रांत, म्हणजे दुसऱ्या वर्षीं येतो. पहिल्या वर्षाच्या मुलीनें शरीररचना वाचलेली असते. अंथरूण कसें घालावें, नाडी कशी मोजावी हें ती शिकलेली असते. गोळीचें शास्त्र मात्र अद्याप तिच्यापुढें आलेलें नसतें. तेव्हां ती उत्तर देते तें पुस्तकांतून नव्हे, तर वसतिगृहाच्या खोलींत जें चालतें त्यावरून. खोलींत डोकें दुखल्यावर जी गोळी हातीं लागते, तीच म्हातारीच्या गुडघ्यालाही सांगितली जाते.

परिचारिकेनें रोग्यास औषध कसें द्यावें याचे नियम पुष्कळ आहेत आणि ते शिकविलेही जातात. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पांच ‘योग्य’ कोणत्याही मुलीला झोपेंतून उठवून विचारले तरी ती म्हणून दाखवील. पण हे पांच योग्य रोग्याच्या खाटेपाशीं सुरू होतात आणि तेथेंच संपतात, अशी तिची समजूत असते. खोलीवर परतल्यावर ती स्वतःच रोगी झाली, म्हणजे त्यांतला एकही तिला आठवत नाहीं. आणि स्वतःच्या बाबतींत जी संवय लागते, तीच पुढें हाताला वळण लावते.

या भागाला परिचर्येचें शिक्षण नवें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वानलेस यांनीं मिरजेस रुग्णालयाबरोबरच परिचारिकांच्या शिक्षणाचाही पाया घातला. त्याच मिशनचें सेंट ल्यूक रुग्णालय वेंगुर्ल्यास उभें राहिलें व डॉ. गोहीन यांनीं तेथें दीर्घकाळ काम केलें. पुण्याच्या सेवासदनानें रमाबाई रानडे यांच्या काळांत विधवा स्त्रियांना या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. आज कुडाळला बॅरिस्टर नाथ पै यांच्या नांवाच्या संस्थेचें परिचर्या महाविद्यालय आहे, ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यांतील मुलीला या शिक्षणासाठीं मुंबई गांठलीच पाहिजे असें आतां उरलें नाहीं. मुली वाढल्या, तशा त्यांच्या मागें उभ्या असलेल्या वाड्याही वाढल्या, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

आतां त्या खोलींतील औषधांचा डबा पाहावा. बहुधा तो फराळाचा रिकामा डबा असतो. त्यांत तापाच्या गोळ्या असतात, सर्दीच्या असतात, पाळीच्या दिवसांतील पोटदुखीच्या असतात, आम्लपित्ताच्या असतात. आणि मागच्या दुखण्यांतून उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या ‘असूं द्या, लागतील’ म्हणून ठेवलेल्या असतात. पुष्कळशीं पाकिटें कात्रीनें कापलेलीं. दुकानदारानें दहांच्या पाकिटांतून चार गोळ्या कापून दिल्या, कीं औषधाचें नांव एका तुकड्यावर राहतें आणि मुदत संपण्याची तारीख दुसऱ्यावर. उरलेला चांदीचा तुकडा कशाचा, हें रंगावरून ओळखावयाचें. दवाखान्यांत अशी निनांवी गोळी कोणी रोग्याच्या तोंडांत घातली असती तर हीच मुलगी ओरडली असती.

पॅरासिटामॉलचेंच उदाहरण घ्यावें, कारण तें सर्वांत निरुपद्रवी समजलें जातें. प्रौढ निरोगी माणसास चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम, ही त्याची वरची सीमा. एखाद्या मुलीला ताप आणि सर्दी दोन्ही आहेत. तापासाठीं तिनें ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या दिवसभरांत घेतल्या. त्यांचे २६०० झाले. सर्दीसाठीं दुसरी गोळी तीन वेळां घेतली. पण सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेंच, आणि तें प्रत्येकींत ५०० असेल तर आणखी १५०० झाले. बेरीज ४१००. तिच्या मतें तिनें दोन निरनिराळीं औषधें बेतानें घेतलीं. तिच्या यकृताच्या हिशोबीं मात्र एकच औषध मर्यादेबाहेर गेलें. मुलगी अंगानें किरकोळ असेल, तापांत चार दिवस नुसत्या पेजेवर असेल, तर सीमा याहूनही अलीकडे येते. यांतील कपट असें, कीं फार मोठी मात्रा पोटांत गेली तरी पहिल्या दिवशीं मळमळ आणि थकवा यांपलीकडे कांहीं दिसत नाहीं. यकृताची हानि दोन-तीन दिवसांनीं उघड होते. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम लागू पडतो. म्हणजे ज्या वेळीं मुलगी ‘बरी आहें, नुसतें मळमळतें आहे’ म्हणत असते, तीच खरी वेळ.

पोटदुखीच्या गोळ्यांची तऱ्हा निराळी. मेफेनामिक आम्ल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हीं औषधें एका कुळांतलीं. पोटाच्या अस्तराला तीं बोचतात, म्हणून जेवणावर घ्यावयाचीं. सोमवारचा उपवास आणि पाळीचा पहिला दिवस एकत्र आला, कीं रिकाम्या पोटीं चहाबरोबर गोळी जाते. दम्याच्या कित्येक रोग्यांना हें कुळ सोसत नाहीं. आणि कोंकणांत आणखी एक कारण आहे. येथें पावसाळ्यांतला ताप डेंग्यूचा असूं शकतो, लेप्टोचा असूं शकतो. दोडामार्गच्या बाजूस २०१६ सालीं माकडतापाचेही रोगी आढळले. डेंग्यू आणि माकडताप यांत रक्तस्रावाचें भय असतें, लेप्टोंत मूत्रपिंडाला धोका असतो. आणि या कुळांतल्या गोळ्या नेमक्या ह्याच दोन ठिकाणीं घाव घालतात. तापाचें नांव ठरेपर्यंत अंगदुखीवर अशी गोळी देणें म्हणजे शत्रूला आंतून कडी काढून देणें होय.

हें सर्व वर्गांत सांगितलें जात नाहीं काय? जातें. मुली तें लिहून घेतात व परीक्षेंत मांडतातही. परंतु वर्ग आणि खोली यांच्यामध्यें एक उंबरठा असतो. शिक्षिकेनें “तुम्ही स्वतः मनानें औषधें घेतां काय?” असें विचारलें, तर साऱ्या वर्गाचें उत्तर ‘नाहीं’ असेंच येणार, कबूल कोण करणार? रात्रीं साडेदहाला शेजारच्या खाटेवरील मैत्रिणीनें तोच प्रश्न विचारला, तर उत्तर खरें येतें. म्हणून हा धडा मैत्रिणीनेंच मैत्रिणीस द्यावयाचा आहे. शिक्षिकेचें काम तो धडा तयार करून देणें आणि त्यांत चूक राहूं न देणें.

ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. जुन्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर अक्षरें गिरविणाऱ्या लहान मुलांना पंतोजी स्वतः थोडेच शिकवीत. पुढें गेलेला मुलगा पाढे म्हणे आणि मागची रांग ते उचली. अँड्र्यू बेल नांवाचा स्कॉच पाद्री १७८९ पासून मद्रासेच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. मलबारी मुलांना वाळूंत अक्षरें काढतांना पाहून त्यानें तीच रीत आपल्या शाळेंत आणली. मास्तर नाखूष दिसतांच वरच्या मुलांकडून खालच्यांस शिकविलें, आणि १७९७ सालीं त्यावर पुस्तक लिहून ही पद्धति विलायतेस नेली. पुढें ती ‘मद्रास पद्धति’ म्हणून तिकडे गाजली व सुधारलेली रीति म्हणून पुन्हां इकडे आली! देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांकडे १८४५ सालीं मुंबईंत शिक्षक तयार करण्याचा वर्ग सोंपविण्यांत आला; शिकणाऱ्यानेंच उद्यां शिकवावयाचें आहे, हें धरून चालणें या किनाऱ्याच्या रक्तांतलें आहे असें म्हटलें तरी चालेल. परिचर्येच्या क्षेत्रांतही सांगाडा तयार आहे. भारतीय प्रशिक्षित परिचारिकांचा संघ १९०८ चा. त्याच्या आश्रयाखालीं विद्यार्थी-परिचारिकांचा संघ १९२९ पासून आहे. स्नेहसंमेलनें आणि भित्तिपत्रकांच्या स्पर्धा यांबरोबर हेंही काम त्या संघाच्या शाखांना शोभण्यासारखें आहे.

पण मद्रास पद्धतीचें वैगुण्यही विसरतां कामा नये. पुढच्या मुलानें चुकीचा पाढा म्हटला, तर सारी रांग तो चुकीचाच घोकी. औषधाच्या बाबतींत असा चुकीचा पाढा प्राणावर बेतेल. शिवाय मैत्रिणीच्या मायेंतच एक फसगत आहे : जी मैत्रीण ‘गोळी घेऊं नको’ म्हणून सांगूं शकते, तीच मध्यरात्रीं कळवळून ‘ही माझी घे, मला लागू पडली होती’ असेंही म्हणते. वसतिगृहांत औषधें पसरतात तीं दुकानांतून कमी, मायेनेंच अधिक. यासाठीं शिकविणाऱ्या मुलीवर एक बंधन पहिल्या दिवसापासून हवें. तिनें औषध सुचवावयाचें नाहीं, आपल्या डब्यांतून द्यावयाचें तर मुळींच नाहीं. तिनें वाचावयास शिकवावें, विचारावयास शिकवावें, आणि कोणत्या लक्षणांवर रात्रीं-अपरात्रीं अधीक्षिकेचें दार ठोठवावयाचें तें शिकवावें. हें बंधन नसेल तर हा उपक्रम न केलेलाच बरा.

प्रत्यक्षांत हें कसें करावें? तिसऱ्या वर्षाच्या दोघी आणि पहिल्या वर्षाच्या पांच-सहा जणी एका खोलींत बसाव्या. शनिवारचें जेवण झाल्यावरचा अर्धा तास पुरे. प्रत्येकीनें आपला डबा चादरीवर उपडा करावा. जिचें नांव आणि तारीख वाचतां येते ती गोळी एका बाजूस; वाचतां येते पण कशासाठीं आणली तें आठवत नाहीं ती दुसरीकडे; निनांवी तुकडे तिसरीकडे. हा तिसरा ढीग पाहूनच निम्मा धडा होतो. मग राहिलेल्या पाकिटांवरचें नांव मोठ्यानें वाचावयाचें. कंपनीनें दिलेलें ठळक नांव नव्हे, तर त्याखालीं बारीक अक्षरांत असलेलें मूळ औषधाचें. तीन निरनिराळ्या रंगांच्या पाकिटांतून एकच नांव तीनदां निघालें, कीं पॅरासिटामॉलची वर सांगितलेली बेरीज कोणास समजावून सांगावी लागत नाहीं.

याच वेळीं पाकिटाच्या कडेची उभी तांबडी रेघही दाखवावी. ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून हें औषध घ्यावयाचें नाहीं, ही खूण. २०१६ सालीं केंद्र सरकारनें प्रतिजैविकांच्या संदर्भांत तिचा मुद्दाम प्रचार केला. त्याच्याही आधीं १ मार्च २०१४ पासून ‘एच-एक’ नांवाची निराळी अनुसूची लागू झाली. तींतील प्रखर प्रतिजैविकें, क्षयाचीं कांहीं औषधें व संवय लावणारीं औषधें विकतांना दुकानदारानें डॉक्टरचें व रोग्याचें नांव वहींत नोंदवून ती वही तीन वर्षें जपावयाची असते. कायदा असा चोख आहे. दुकानांत त्याचें काय होतें, हें ज्यानें-त्यानें आपल्या गांवच्या अनुभवावरून ताडावें.

शेवटीं, ऐकलेलें उलट सांगावयास लावावें, आणि तें पुस्तकी मराठींत नव्हे, तर घरच्या बोलींत. ‘औषध भोजनोत्तर घ्यावें’ हें वाक्य लिहितां येणें निराळें, आणि शेजारच्या म्हातारीला “आये, उपाशी पोटार घेव नको, पेज खावन मगे घे” असें सांगतां येणें निराळें. पहिलें पाठ असतें. दुसरें समजल्यावांचून तोंडांतून निघत नाहीं. शिकविणारीचा लाभ शिकणारीहून अधिक होतो, असें जें म्हणतात तें येथेंच पटतें. दुसरीच्या भाबड्या प्रश्नाला उत्तर देतांना आपलें ज्ञान कोठें पोकळ आहे तें तिला कळतें आणि ती पुन्हां पुस्तक उघडते.

या जिल्ह्यापुरता एक धडा तर लावणीच्या आधीं प्रत्येक वर्षीं व्हावयासच पाहिजे. लेप्टोचे जंतु उंदरांच्या व गुरांच्या मूत्रांतून चिखलपाण्यांत येतात आणि पायावरच्या भेगांतून, खरचटलेल्या कातडींतून शरीरांत शिरतात. तरवा काढणाऱ्या, दिवसभर चिखलांत उभ्या असलेल्या माणसांना म्हणून डॉक्सिसायक्लिन हें औषध आठवड्यांतून एकदां २०० मिलिग्रॅम, तेंही जोखमीच्या त्या थोड्या आठवड्यांपुरतें, आरोग्यखात्यामार्फत देण्याची रीत आहे. घरोघरीं गोळ्या पोंचतात. पुढें काय होतें? एकानें आठवड्याची गोळी रोज घेतली, दुसऱ्यानें ‘ताप नाहीं तर कशाला’ म्हणून फळीवर ठेवून दिली, तिसरीनें रात्रीं निजतांना पाण्याच्या घोटाशिवाय गिळली. या तिसरीची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी. ही गोळी अन्ननलिकेंत अडकली तर तेथें व्रण पाडते. म्हणून भरपूर पाण्याबरोबर, बसून अगर उभ्यानें घ्यावयाची आणि निदान अर्धा तास आडवें व्हावयाचें नाहीं. दुधाबरोबर, लोहाच्या अगर आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घेतली तर तिचा गुण उणावतो. तिनें कांहींची कातडी उन्हांत चटकन् भाजल्यासारखी होते. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालील मुलाला ती मनानें द्यावयाची नाहीं. आणि मुख्य म्हणजे, ही गोळी घेतलेल्यासही ताप आला, पोटऱ्या ठणकूं लागल्या, डोळे लाल झाले, तर ‘गोळी घेतली आहे’ या भरंवशावर घरीं थांबावयाचें नाहीं. त्याच दिवशीं दवाखाना गांठावयाचा. लेप्टोचा रोगी दगावतो तो पुष्कळदां औषध नसल्यामुळें नव्हे, तर उशिरामुळें. एवढा एक धडा ज्या मुलीला नीट सांगतां आला, तिची वाडीनें दिलेली पदवी सार्थ झाली.

आतां एक नाजूक गोष्ट. परीक्षेच्या दिवसांत झोंप येत नाहीं म्हणून, रात्रपाळीनंतर दिवसा निजतां यावें म्हणून, कधीं मनाच्या दुखण्यानें, एखादी मुलगी झोंपेच्या गोळीकडे वळते. औषधांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्या हातांत पुढें येणार त्यांच्याच बाबतींत हा मोह अधिक जवळचा असतो. रोग्यानें नाकारलेली, ‘उरलेली’ गोळी खिशांत टाकणें ही चोरी आहे असें त्या क्षणीं वाटत नाहीं. ती चोरी आहे, आणि तिच्यामागून येणारी संवय चोरीहून वाईट आहे. हें शिक्षिकेनें सांगितलें तर धमकी वाटते. मैत्रिणीनें सांगावें, पण गुपित राखण्याचें वचन मात्र देऊं नये. मैत्रिणीच्या जिवाला धोका दिसला तर ती गोष्ट वडील माणसांपाशीं नेणें हा विश्वासघात नव्हे, हें शिकविणाऱ्या मुलींना आधींच निक्षून सांगून ठेवावें. नाहीं तर हा भार वीस वर्षांच्या खांद्यांना पेलणार नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं औषधांपासून होणारा टाळतां येण्याजोगा गंभीर अपाय पांच वर्षांत निम्म्यावर आणण्याचें आवाहन जगाला केलें, तेव्हां औषधांच्या चुकांपायीं जगाचा वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलर खर्च होतो असा अंदाज दिला होता. तीं पांच वर्षें केव्हांच उलटलीं. २०२२ सालीं १७ सप्टेंबरच्या रुग्णसुरक्षादिनाचा विषयही हाच होता. मोठ्या आंकड्यांनीं विद्यार्थिनी भारावतात, पण बदलत नाहींत. त्यांना आपल्या हातून होण्यासारखें काम हवें असतें. तसें एक काम अगदीं तयार आहे. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ उठलें, ओंठ सुजले, चक्कर आली, तर तें ‘सोसलें नाहीं’ म्हणून सोडून न देतां लिहून कळविण्याची व्यवस्था भारतांत २०१० सालापासून आहे. तिचें मध्यवर्ती केंद्र गाझियाबादला आहे आणि १८०० १८० ३०२४ या विनामूल्य क्रमांकावर साध्या नागरिकासही माहिती देतां येते. औषधाचें नांव, पाकिटावरचा बॅच क्रमांक, कधीं घेतलें, किती वेळानें काय झालें, एवढें सांगावें लागतें. कापलेल्या निनांवी तुकड्यावरून यांतलें कांहींच सांगतां येत नाहीं. म्हणून दुकानावर गोळ्या घेतांना नांव आणि तारीख असलेला तुकडा मागून घ्यावा, आणि नव्या औषधाचें पाकीट शेवटची गोळी संपल्यावरही आठवडाभर फेकूं नये. पहिल्या शनिवारीं शिकविण्यासारखें हेंच.